वरच्या काकांचं दहा वाजताचं पत्र

१

फूल मेलं होतं. नुसतं फूल असतं तर मावशींची दुपारची झोप मोडायची कुणाची हिंमत झाली नसती. पण हे झाड पंचवीस-तीस वर्षं नुसतं उभं राहतं आणि मग एकदाच फुलतं, असं पुस्तकं सांगत होती. त्याच्या जातीचं दुसरं झाड कुठे उरलेलं नव्हतं. जे दुसरं होतं ते वठून गेलं, मात्र वठण्याआधी त्याचे परागकण काढून उद्यानाच्या शीतकपाटात, बोटाएवढ्या काचेच्या नळीत, गोठवून ठेवलेले होते. फूल उघडेल त्या दुपारी ते परागकण त्याच्यावर ठेवायचे, बी धरू द्यायचं, की जात वाचली. इतक्या वर्षांत करायचं काम ते एवढंच. आणि फूल उघडलं, संध्याकाळी मिटलं, नळी कपाटातल्या कपाटात राहिली.

"दहा दिवसांनी, मी वर गेलो तेव्हा कळलं गं आम्हाला," फोनवर भाचा रडकुंडीला आला होता. भाचा म्हणजे उद्यानाचा संचालक. बाहेर त्याला सगळे साहेब म्हणत, मावशींच्या लेखी तो अजून नाक पुसायला शिकायचा होता. "डोंगरावर झाड सांभाळणारे वरचे काका म्हणतात, मी तीन पत्रं पाठवली. इथे एकही आलेलं नाही. शुक्रवारी समिती बसतेय. काकांना घरी पाठवायचं आणि डोंगरावरचं काचघर बंद करायचं, असं जवळजवळ ठरलंय."

"मग मी काय करू? मला झाडातलं कळत नाही."

"पत्रातलं कळतं ना?"

ते खरं होतं. मावशींनी बत्तीस वर्षं टपाल खात्यात, न पोचलेल्या पत्रांच्या खोलीत काढली होती. पत्ता चुकलेली, शाई पसरलेली, घेणारा निघून गेलेला, अशी सगळी पत्रं त्यांच्या टेबलावर येत आणि मावशी त्यांना घर शोधून देत. ईमेल मात्र त्यांनी जन्मात पाठवला नव्हता.

"पत्र हरवतं तेव्हा तीन माणसं असतात," त्या म्हणाल्या. "पाठवणारा, नेणारा आणि घेणारा. तिघांना माझ्यापुढे आण."

"नेणारा माणूस नाहीच गं त्यात!"

"असं होऊच शकत नाही," मावशी म्हणाल्या आणि पिशवी भरायला उठल्या.

२

उद्यानाचं कार्यालय खाली गावात होतं, तीन खोल्यांचं. सोमवारी मावशी तिथे पोचल्या तेव्हा खिडकीबाहेरच्या झाडांमुळे आत हिरवट, पाण्याखालच्यासारखा उजेड पडला होता. त्या उजेडात सगळीच माणसं थोडी झोपेत असल्यासारखी वाटत होती.

कार्यालयाचा पत्ता एकच, आणि त्यावर आलेला मेल तिघांना उघडता येई. एक भाचा. दुसऱ्या शीतकपाट सांभाळणाऱ्या विदुषी, ज्यांना सगळे परागबाई म्हणत. तिसऱ्या आवक-जावक सांभाळणाऱ्या आवकताई. या तिघांशिवाय संगणकवाला होता. तो स्वतःला चौथा म्हणवून घ्यायला मुळीच तयार नव्हता.

"माझ्याकडे काही नाही," त्याने आधीच हात झटकले. "दीड महिन्यापूर्वी दारावर नवा फिल्टर बसवलाय. वाईट पत्रं तो अडवतो आणि एका कोठारात टाकतो. सात दिवसांनी कोठार आपोआप पुसलं जातं. हे प्रकरण उघडकीला आलं तेव्हाच मी आत पाहिलं होतं. काकांचं काही नव्हतं."

"पण तोवर दहा दिवस झाले होते."

संगणकवाल्याने कान खाजवला. "ते आहेच म्हणा."

"पुसली जातात म्हणजे कुठे जातात?"

"कुठे म्हणजे? कुठेच नाही."

मावशींना हे उत्तर पटलं नाही. त्यांच्या खोलीतलं सगळ्यात बेवारशी पत्रसुद्धा वर्षभर फडताळात जागा अडवून बसे, आणि जाताना सही घेऊन जाई. कुठेच नाही असं ठिकाण त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. क्षणभर त्यांना दिसलं की एका लांबच लांब व्हरांड्यात बाकांवर पत्रं बसली आहेत, मांडीवर हात ठेवून, आणि आतून आपलं नाव पुकारलं जाईल म्हणून वाट बघताहेत.

परागबाईंच्या नाकाला तर प्रश्न विचारायच्या आधीच मिरच्या झोंबल्या. "त्यांचं पत्र मी दाबलं, असं म्हणायचंय का तुम्हाला? हो, मागच्या वर्षी त्यांनी माझ्या कपाटातली चूक काढली होती, सगळ्यांसमोर. राग आला होता मला. पण त्या नळीपायी मी दहा वर्षं सुट्टी घेतलेली नाही!"

भाच्याचं वेगळंच. चहा ओतता ओतता त्याने कबूल केलं की डोंगरावरची जागा मोकळी झाली तर त्याला हवीच होती. पाहुण्यांसाठी गाड्या लावायची सोय करायची होती. "पण त्यासाठी मी झाड मारीन का गं?" मावशींना एक मांजर आठवली. लहानपणी याने शेजारणीची मांजर पोत्यात भरून लांब सोडली होती, आणि मग रात्रभर रडला होता.

आणि आवकताई. पन्नाशीच्या, नेटक्या, टेबल इतकं स्वच्छ की त्यात तोंड दिसावं. आलेल्या प्रत्येक पत्राचा मजकूर त्या हाताने एका जाड वहीत उतरवत, काम उरकलं की पुढे बरोबरची खूण करत.

"काकांच्या पत्रांची नोंद आहे?"

"आहे ना." त्यांनी वही उघडली. दर दोन दिवसांनी काकांचं पत्र होतं. खत संपलं, काच तडकली, नळ गळतो. प्रत्येकापुढे खूण. मात्र महिन्याभरापूर्वी नोंदी एकदम थांबल्या होत्या. "मला वाटलं, काकांनी लिहायचंच सोडलं. अलीकडे चांगली माणसं लिहीनाशीच झालीत हो मावशी. नावाच्या पाट्या छापणारे, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळी गप्प. तो खतविक्या तेवढा रोज उगवतो."

बोलताना त्यांचा आवाज जरा ओला झाला. मावशींनी वहीचं पान पुन्हा पाहिलं. गळक्या नळाच्या नोंदीखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. आज धुकं काचेला चिकटून बसलं आहे, आत यायचं म्हणतं. ही काही कामाची ओळ नव्हती. तरी ती उतरवून घेतलेली होती.

मावशींनी वही मिटली. या बाईंना विचारायचं अजून बरंच होतं, पण आधी डोंगर चढायला हवा होता.

३

मंगळवारच्या बसने दोन तास घेतले. वर सगळं धुक्यात होतं. मधोमध काचघर, आत कुणीतरी दिवा धरून उभं असावं तसं उजळलेलं. वरचे काका दारातच भेटले. त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नसे, म्हणून फोनचा प्रश्नच नव्हता. मावशींनी कागदावर लिहायचं आणि काकांनी तोंडाने उत्तर द्यायचं, असं ठरलं.

झाड पुरुषभर उंचीचं होतं. मधला दांडा वाळून वाकला होता. काकांनी त्याला अजून दोरीचा आधार दिलेला होता, जणू तो बरा होणार होता.

तुम्ही खाली का आला नाहीत? मावशींनी लिहिलं.

"दर दोन तासांनी पाणी फवारावं लागतं. बस आठवड्यातून दोनदा. मी गेलो असतो तर कळी उघडायच्या आधीच गळाली असती." त्यांनी संगणक उघडून पाठवलेली तिन्ही पत्रं दाखवली. तारखा स्पष्ट होत्या. कळी धरली. चार दिवसांत उघडेल. परवा दुपारी उघडेल, नळी घेऊन या. "त्या दुपारी मी या दाराशी उभा होतो. गाडीचा उजेड धुक्यात लांबून दिसतो. एकदा दिसलासुद्धा, पण तो दूधवाला निघाला."

मग? मावशींनी लिहिलं.

"मग फूल मिटलं." काकांनी दांड्याच्या दोरीची गाठ पुन्हा घट्ट केली. "सव्वीस वर्षं झाली हो याला वाढवून. बायको म्हणायची, झाडापुढे मी सवत वाटते. ती गेली, तरी मी इथेच. समितीने काढलं तर जाईन. पण बी धरलं असतं तर मी आपण होऊन गेलो असतो, हसत. आणि मागाहून लिहायला हात होईना. वाटलं, यांनी वाचून सोडून दिलं असेल. न वाचलेलं परवडतं, वाचून सोडलेलं नाही सहन होत."

काचेवरून थेंब ओघळत होते. मावशींचा कागद ओला झाला, तरी त्यांनी त्यावर नेटाने लिहिलं. उद्या सकाळी बरोबर दहा वाजता कार्यालयाला एक पत्र पाठवा. काहीही लिहा.

"कशाला? कुणी वाचणार आहे का?"

मी वाचणार आहे, असं लिहून मावशींनी त्याखाली दोन रेघा मारल्या.

४

बुधवारी पावणेदहाला मावशींनी चौघांना एका खोलीत बसवलं. संगणकाचा पडदा सगळ्यांना दिसेल असा फिरवला. प्रत्येकाच्या हातात चहाचा कप दिला, तोही काठोकाठ भरून, म्हणजे हात अडकलेले राहतील.

"दहा वाजता काकांचं पत्र येणार आहे. आपण सगळे मिळून त्याला येताना बघू."

दहा वाजले. आवकताई टाचा उंचावून बघत होत्या. दहा वाजून दोन मिनिटांनी खतविक्याचं पत्र आलं. पाचाला एका गृहस्थांची तक्रार आली, कारंजाचं पाणी त्यांच्या टोपीवर उडालं होतं. सव्वादहा झाले. चहा गार झाला. परागबाईंचा कप बशीत किणकिणायला लागला.

काकांचं पत्र आलं नाही.

"बघ, पाठवतच नाहीत ते!" भाचा म्हणाला, पण त्याचा आवाज पडला होता.

"पाठवलंय. मी त्या माणसाचे डोळे बघून आलेय." मावशी संगणकवाल्याकडे वळल्या. "इथे कुणाचा हात हलला नाही, म्हणजे पत्र या खोलीपर्यंत पोचलंच नाही. तुमचं ते कोठार उघडा."

"तिथे नुसता कचरा असतो हो. लॉटरी लागली, केस उगवतील, असला."

"उघडा म्हणते ना."

त्याने उघडलं. पडद्यावर ओळींमागून ओळी सरकू लागल्या. मावशींनी चष्मा पुसला. त्यांच्या मनातला तो व्हरांडा हाच होता, आणि इथे खरोखरच बाकं भरलेली होती. लॉटरीवाल्यांच्या आणि केस उगवणाऱ्यांच्या गर्दीत नावाच्या पाट्या छापणारे बसले होते. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, तीनदा. आणि सगळ्यात वर, दहा वाजून शून्य मिनिटं, वरचे काका.

आवकताईंच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

भाच्याने पत्र उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मावशी, तुम्ही सांगितलंत म्हणून लिहितो. आज पहाटे बुंध्याशी एक फुटवा दिसला, वाळक्या पानांच्या आड. पुस्तकात असं काही नाही. त्याला कळी आहे, लहान आहे, पण पुरी पिकलेली. दुपारी उघडेल. संध्याकाळी..."

त्याच्याने पुढे वाचवेना. परागबाई कप टाकून शीतकपाटाकडे धावल्यासुद्धा होत्या.

५

गाडी भाचा चालवत होता. मागे परागबाई, मांडीवर थंड बरणी, बरणीत नळी. त्यांच्या शेजारी आवकताई. "मी कशाला? माझं काय काम तिथे?" असं त्या म्हणत होत्या, पण मावशींनी त्यांना हाताला धरून बसवलं होतं. पुढे मावशी, त्यांच्या मांडीवर आवकवही आणि कोठारातल्या पत्रांची छापलेली यादी. घाट सुरू झाला आणि धुकं खाली उतरून खिडक्यांना लागलं.

"निघताना संगणकवाल्याला एकच विचारलं मी," मावशी वही चाळता चाळता म्हणाल्या. "हा फिल्टर ठरवतो कसा, कोण चांगला नि कोण वाईट? तो म्हणाला, स्वतः काही ठरवत नाही. आपली माणसं ज्याला स्पॅमच्या कप्प्यात टाकतात, त्याच्याकडे बघून तो शिकतो. पुन्हा पुन्हा टाकलं की त्याची खात्री पटते, मग तो त्या माणसाला दारातच अडवतो."

"म्हणजे कुणीतरी काकांना मुद्दाम टाकलं," परागबाई म्हणाल्या. "आणि टाकू शकणारे आम्ही तिघंच. सरळ सांगा ना, माझ्यावर संशय आहे म्हणून."

"कालपर्यंत होता. पण तुम्ही काकांवर रागावला होतात. पाट्या छापणाऱ्यावर का रागवाल? नि या माझ्या दिवट्याला जागा हवी होती, मग त्याने शाळेच्या बाईंना कशाला अडवावं? काकांच्या वाइटावर असलेला माणूस फक्त काकांना अडवील. इथे यादीतले आपले सगळे लोक बघा. यांच्यात एकच गोष्ट सारखी आहे." त्यांनी वहीवर बोट ठेवलं. "यांच्या प्रत्येक पत्रापुढे बरोबरची खूण आहे. यांचं काम कधी राहिलं नाही. आणि खतविक्या, तो टोपीवाला, यांच्यापुढे एकही खूण नाही, त्यांना कुणी उत्तर देत नाही, त्यांचं काम होत नाही. ते मात्र रोज सुखरूप पोचतात."

मावशी मागे वळल्या. आता पुढचं विचारताना त्यांनाच जिवावर आलं.

"आवकताई, पत्राचं काम उरकलं, वहीत उतरवून झालं, की पत्राचं काय करता?"

"काढून टाकते. समोर पसारा नको म्हणून."

"कुठे टाकता?"

"त्या कप्प्यात. शेवटच्या. पुसून टाकायला गेलं की ते यंत्र दरवेळी विचारतं, नक्की का, नक्की का, आणि मग मला धस्स होतं. तो कप्पा बरा, काही विचारत नाही, महिन्याने आपोआप रिकामा होतो. मी दोन वर्षं..." त्या थांबल्या. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "त्या कप्प्याचं नाव स्पॅम आहे."

"हो."

"मला वाटलं, ती रद्दीची टोपली."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नाही," मावशी म्हणाल्या. "काका दर दोन दिवसांनी लिहीत. तुम्ही दर दोन दिवसांनी त्यांचं काम करत होतात, आणि दर दोन दिवसांनी फिल्टरला सांगत होतात, हा माणूस नको. जितकं मन लावून केलंत तितकं त्याला जास्त पटत गेलं. आळशी असतात तर पत्रं तशीच पडली असती नि फूल वाचलं असतं."

आवकताईंनी पदर तोंडाला लावला. परागबाई, ज्या सकाळपासून सगळ्यांवर डाफरत होत्या, त्यांनी एका हाताने बरणी सांभाळत दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

"समितीला सांगावं लागेल," भाचा म्हणाला. "काकांवरचा ठपका जाईल. त्यांना आता कुणी काढत नाही, मी बघतो."

"समितीचं नंतर," आवकताई पदराआडून म्हणाल्या. "आधी काकांना सांगायला हवं. आणि ते मी सांगणार. तुम्ही कुणी मध्ये बोलू नका."

६

नळी बरणीत नीट बसवून निघायलाच बारा वाजले होते आणि धुक्यामुळे घाटात गाडी रांगत आली, त्यामुळे ते पोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. काका दाराशी नव्हते. आत गेल्यावर ते दिसले, झाडाच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसलेले. वाळक्या पानांच्या आत, तळहाताएवढं, दुधी रंगाचं फूल उघडलं होतं. त्याला मंद वास होता, झोपेतून जागं होताना येतो तसा, कशाचा ते सांगता येऊ नये असा.

काकांनी मान वर केली. बरणी पाहिली.

"आलं म्हणायचं पत्र," ते म्हणाले.

परागबाई लगेच नळीच्या कामाला लागल्या. आवकताई पुढे झाल्या. "काका, तुमची पत्रं मी अडवली. मीच," त्या म्हणाल्या. काकांनी कानाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. ऐकू आलं नव्हतं. मावशी सांगायला पुढे सरकल्या, पण आपल्याला काय बजावलं होतं ते आठवून तिथेच थांबल्या.

आवकताईंनी टेबलावरचा कागद ओढला आणि लिहायला बसल्या. पान भरलं, उलटून पाठीमागेही लिहिलं. इतकं सविस्तर त्या वहीत सोडून आणखी कुठे लिहीत नसतील. मग कागद काकांच्या हातात देऊन त्या समोर उभ्या राहिल्या, शिक्षा ऐकायला उभं राहावं तशा.

काकांनी सावकाश वाचलं. शेवटाला जाऊन परत वरून वाचलं.

"म्हणजे तुम्ही वाचत होता," ते म्हणाले.

आवकताईंनी मान डोलावली.

"सगळी? ती धुक्याबिक्याचीपण?"

"ती मी दोनदा वाचायची," आवकताई म्हणाल्या. या वेळी काका त्यांच्या ओठांकडे बघत होते. त्यांना कळलं.

काका उठले. त्यांनी डोळे बाहीने पुसले आणि ते जराही लपवलं नाही. मावशींना भरून आलं. बत्तीस वर्षांत त्यांनी हजारो पत्रं मार्गी लावली होती, पण पत्र मिळाल्यावर माणूस कसा दिसतो हे त्यांना एकदाही बघायला मिळालं नव्हतं.

परागबाईंनी नळी उघडली. तळाला चिमूटभर पिवळी पूड होती. काकांनी खिशातून बारीक केसांचा कुंचला काढला. त्यांनी कुंचला आवकताईंसमोर धरला.

"मी? नको, नको! माझ्या हातून आधीच एक..."

काकांना कळलं नाही, किंवा कळलं तरी त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी कुंचला त्यांच्या बोटांत बसवला, कोपराखाली आपला तळवा धरला. "आतून बाहेर फिरवा. घाई करू नका. अजून तासभर ते उघडं आहे."

आवकताईंनी कुंचला नळीतल्या पिवळ्या पुडीत टेकवला, श्वास धरला आणि तो फुलाच्या आत नेला.